वांग्याचे भरीत आणि उंदरांची बातमी

खानदेशात थंडी पडली की शेताशेतांतून भरिताच्या पार्ट्या सुरू होतात. जळगाव-यावल भागातली ती मोठी, हिरवट-पांढरी वांगी कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांवर भाजायची, साल काढून ठेचायची आणि त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात नि वर सढळ हाताने तेल. सोबत कळण्याची भाकरी. माझे आजोळ त्याच भागातले. दोन मामा, त्यांची मुलेबाळे, आम्ही भाचरे आणि वाटेने जाणारा कोणीही अशी तीस-चाळीस माणसांची पंगत बांधावर बसायची. या पंगतीत राजकारणावरून भांडणे होत, आवाज चढत. पण भाकरी संपेपर्यंत भांडणही संपलेले असे.

पुढे एक वर्ष असे आले की पंगतच दुभंगली. भांडणाचे कारण होते खुद्द ताटातले वांगे.

मोठेमामा हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, राष्ट्र सेवा दलात घडलेले. धाकटेमामा बारा एकर शेतीवर राबणारे; शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला छातीवर लावून एकदा तुरुंगातही जाऊन आलेले. ऑक्टोबर २००९ मध्ये केंद्राच्या समितीने बीटी वांग्याच्या लागवडीला हिरवा कंदील दाखवला. वांग्याच्या झाडाला शेंडा आणि फळ पोखरणारी अळी लागते. मातीतल्या एका जिवाणूचे जनुक वांग्यात घातले, तर झाड स्वतःच त्या अळीला मारक असे प्रथिन तयार करते आणि फवारण्या वाचतात, असा दावा होता. वाण तयार केला होता आपल्याच जालन्याच्या बियाणे कंपनीने. विरोध इतका झाला की तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. त्यांतली एक नागपूरला होती. मोठेमामा विरोध नोंदवायला तिथे गेले, धाकटेमामा पाठिंबा द्यायला गेले. दोघे सख्खे भाऊ एकाच गाडीने गेले आणि वेगवेगळ्या गाड्यांनी परतले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी बीटी वांग्याला स्थगिती दिली. त्या संध्याकाळी मोठ्यामामांनी पेढे वाटले, हे धाकट्यामामांना फार लागले. "माझ्या हातातला फवारणीचा पंप सुटला नाही, म्हणून दादा पेढे वाटतो," असे ते आईपाशी म्हणाले.

तरीही २०१२ पर्यंत पंगत एकत्रच बसत होती. ती मोडायला जे निमित्त झाले, त्यात माझा हात आहे. मामांना ते बरीच वर्षे ठाऊक नव्हते. आज ते लिहायचे आहे.

सप्टेंबर २०१२ मध्ये मी एका दैनिकात उपसंपादक होतो. रात्रपाळी होती. फ्रान्सहून वृत्तसंस्थेची बातमी आली: सेरालिनी या शास्त्रज्ञाच्या चमूने जनुक बदललेला मका उंदरांना दोन वर्षे खाऊ घातला, तेव्हा त्यांना मोठमोठ्या गाठी झाल्या. सोबत छायाचित्रे. पिंगपाँगच्या चेंडूएवढ्या गाठी अंगावर वागवणारे ते उंदीर पाहून कोणाचाही जीव कळवळला असता. मी बातमीचे भाषांतर केले. मूळ बातमीत चौथ्या परिच्छेदात इतर शास्त्रज्ञांनी शंका घेतल्याचे दोन ओळींत लिहिले होते. जागा कमी होती, ते परिच्छेद गेले. मथळ्यात आधी मी प्रश्नचिन्ह टाकले होते, ते मथळा एका ओळीत बसवताना गळले. दुसऱ्या दिवशी पान बघून मला बरे वाटले होते, हेही कबूल करतो. माझा स्वतःचा कल मोठ्यामामांच्या बाजूचा होता आणि बातमी त्या कलाला मानवणारी होती.

मोठ्यामामांनी ते कात्रण जपून ठेवले आणि डिसेंबरातल्या भरिताच्या दिवशी भर पंगतीत धाकट्या भावापुढे धरले. "हे तू पोरांच्या पोटात घालायला निघाला होतास," ते म्हणाले. वाद वांग्याचा होता तोवर ठीक होते. आता एका बापावर, तो आपल्या आणि गावाच्या पोरांना विष घालणार होता, असा आरोप झाला. धाकटेमामा ताटावरून उठले. पुढच्या वर्षापासून दोन भावांची दोन शेते आणि दोन पंगती झाल्या.

आता त्या बातमीत मी काय छापले नाही, ते सांगतो. प्रयोगात दोनशे उंदीर होते; पण त्यांचे दहा-दहांचे गट पाडले होते. इतक्या लहान गटांत एकदोन उंदीर इकडचे तिकडे झाले तरी निष्कर्ष फिरतो. जे उंदीर वापरले, त्या जातीच्या उंदरांना म्हातारपणी आपोआपच गाठी येतात, आणि दोन वर्षे हे उंदराचे म्हातारपणच. साधा मका खाणाऱ्या उंदरांनाही गाठी झाल्या होत्या. त्यांची छायाचित्रे मात्र आमच्याकडे आली नव्हती. बातमी आगाऊ हवी असलेल्या पत्रकारांकडून, ती प्रसिद्ध होण्याआधी दुसऱ्या कोणा शास्त्रज्ञाचे मत विचारणार नाही, असे लिहून घेतले होते. म्हणजे बातमीदाराने जे पहिल्यांदा करायला हवे, तेच करायचे नाही, ही अट! शिवाय तो मका तणनाशक सोसणारा होता. अळी मारणाऱ्या बीटी वांग्यातले जनुक ते नव्हेच. नोव्हेंबर २०१३ मध्ये नियतकालिकाच्या संपादकांनी तो निबंध मागे घेतला. लबाडी आढळली नाही, पण या पुराव्यातून ठाम निष्कर्ष निघत नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. लेखकांना ते मान्य नव्हते आणि २०१४ मध्ये तो दुसऱ्या नियतकालिकात पुन्हा छापून आला. निबंध मागे घेतल्याची बातमी आली तेव्हाही पाळीवर मीच होतो. मी ती आतल्या पानावर चार ओळींत लावली. मोठ्यामामांच्या नजरेला ती पडली नाही. पडावी अशी मी लावलीच नव्हती.

वर्तमानपत्रांना नावे ठेवणे सोपे आहे. पण विज्ञानाची बातमी प्रयोगशाळेतून चहाच्या कपापर्यंत येताना किती हातांतून येते, ते पाहायला हवे. शास्त्रज्ञ आपल्या निबंधात 'असे असण्याची शक्यता दिसते' असे लिहितो. त्याच्या विद्यापीठाचे प्रसिद्धिपत्रक त्यातला संकोच थोडा कमी करते. वृत्तसंस्था आणखी थोडा. भाषांतर करणारा माझ्यासारखा माणूस 'शक्यता' हा शब्द जागेअभावी गाळतो, आणि वाचणारा आपल्या मताला सोयीचे तेवढे कापून खिशात ठेवतो. प्रत्येकाने चिमूटभरच मीठ जास्त टाकलेले असते. पण आमटी शेवटी खारटच होते.

ही खोड एकाच विचाराच्या लोकांना आहे असे कोणी समजू नये. धाकट्यामामांच्या भिंतीवर कापसाच्या उताऱ्याचा एक आलेख होता. देशात बीटी कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्या सुमारास हेक्टरी तीनशे किलोंच्या आसपास रुई निघत होती, २००७-०८ मध्ये ती साडेपाचशेच्या घरात गेली. आकडे खरे आहेत. पण त्याच काळात गुजरातेत बंधारे झाले, पाणी वाढले, खतांचा वापर वाढला, नवी कीटकनाशके आली, हे त्या आलेखात कोठून दिसणार? आणि २००८ नंतर बीटीखालचे क्षेत्र वाढत राहिले, तरी उतारा मात्र तिथेच घुटमळला, हा भाग तर आलेखात घेतलाच नव्हता. तिकडे मोठ्यामामांच्या टेबलावर, विदर्भातल्या आत्महत्या बीटी बियाण्यामुळे होतात, असे सांगणारी पुस्तिका होती. त्या आत्महत्या २००२ च्या आधीपासून होत होत्या. त्यांच्यामागे कोरडवाहू जमीन, सावकारी कर्ज आणि पडलेले भाव होते, हे सोयीस्करपणे बाजूला राहिले होते. दोघे विज्ञानाच्या नावाने बोलत होते आणि दोघांनीही आपला पक्ष आधी ठरवून मग विज्ञानातला साक्षीदार शोधला होता.

मग विचारसरणी असूच नये काय? मला तसे वाटत नाही. बियाणे कोणाच्या मालकीचे असावे, हा मोठ्यामामांचा प्रश्न होता आणि तो महत्त्वाचा होता. शेतकऱ्याने काय पेरावे हे दिल्लीने का ठरवावे, हा धाकट्यामामांचा प्रश्न होता आणि तोही तितकाच महत्त्वाचा होता. पण या दोन्ही प्रश्नांची उत्तरे उंदरांकडे नव्हती. उंदीर फार तर एवढेच सांगणार की अमुक अन्न अपायकारक आहे की नाही. वादात तीन निराळे प्रश्न एकमेकांत गुंतले होते. हे असे आहे का? असले तर ते कोणाच्या हिताचे आहे? आणि ते ठरवायचे कोणी? पहिल्याचे उत्तर प्रयोगाने मिळते. दुसऱ्याचे उत्तर हिशेबाने आणि न्यायबुद्धीने मिळते. तिसरा प्रश्न लोकशाहीचा आहे. तिसऱ्या प्रश्नावर हरण्याची भीती वाटली की आपण पहिल्याच्या उत्तरात भेसळ करतो.

ही गाठ महाराष्ट्राला नवी नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचा वाद आठवून पाहा. संमतीचे वय दहावरून बारावर न्यायचे होते. आदल्याच वर्षी कलकत्त्यात फुलमणी या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित मुलीच्या मृत्यूचा खटला गाजला होता. कोवळ्या शरीरावर काय अत्याचार होतो, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर डॉक्टरांच्या साक्षीत होते. आगरकर त्या उत्तरावर उभे राहिले. टिळकांचा मुख्य आक्षेप तिसऱ्या प्रश्नाचा होता: परक्या सरकारने आमच्या घरात कायदा का करावा? मुलींची लग्ने सोळाच्या आत आणि मुलांची विसाच्या आत करू नयेत, असे सुधारकांनी आधी स्वतःवर बंधन घालून घ्यावे, अशी सूचना त्यांनीच केली होती. म्हणजे लग्नाचे वय वाढावे की नाही यावर दोघांत वाटते तेवढे अंतर नव्हते. पण दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आणि धर्मशास्त्राची वचने दोन्ही बाजूंनी फेकली जाऊ लागली. पुण्यात सभा उधळल्या गेल्या. आगरकरांना तर जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा पाहावी लागली. एके काळी एका ध्येयाने शाळा काढणारे दोन मित्र कायमचे दुरावले. जून १८९५ मध्ये आगरकर गेले, तेव्हा टिळकांनी 'केसरी'त त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. मैत्रीची आठवण निघाली, ती मृत्युलेखात.

वाद नीट कसा घालावा याचा एक नमुनाही आपल्याच मातीत आहे. ज्योतिष खरे की खोटे यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घसे कोरडे झाले. २००८ मध्ये पुण्यात डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्याख्यान न देता ज्योतिषांनाच आवाहन केले. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा त्यांनी जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस कुंडल्या पाठवायच्या आणि कोणती कुंडली कोणत्या गटातली ते त्याने सांगायचे. किती बरोबर आल्या तर ज्योतिष जिंकले म्हणायचे, हे संख्याशास्त्रज्ञांकडून आधीच ठरवून घेतले होते. एक्कावन्न ज्योतिषी तयार झाले, सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. सरासरी शेकडा ४६ उत्तरे बरोबर आली. नाणे उडवले असते तरी निम्मी आली असती. एका ज्योतिष संस्थेने दोनशेही कुंडल्या तपासल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली.

निकाल काय लागला हे मला तितकेसे महत्त्वाचे वाटत नाही. ज्यांची श्रद्धा होती त्यांची ती राहिली असेल. मला महत्त्वाची वाटते ती आधी लावलेली अट. खेळ सुरू होण्यापूर्वी दोघांनी मिळून रेघ मारली आणि चेंडू रेघेबाहेर गेला की बाद, हे दोघांनी मान्य केले. आपल्या घरातल्या वादांत ही रेघ कोणी मारतच नाही. आपण आधी चेंडू कुठे पडला ते पाहतो आणि मग रेघ ओढतो. दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली. चाचणीचे निमंत्रण देणाऱ्या माणसाला गोळीने उत्तर मिळाले. पंगत दुभंगते तिथून ही वाट सुरू होते, म्हणून घरातल्या वादाकडे मी हसण्यावारी पाहत नाही.

आता राहिलेली गोष्ट सांगतो.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातला कापूस पोखरला. बीटीच्या पहिल्या वाणाला ही अळी गुजरातेत पुरून उरल्याचे तो विकणाऱ्या कंपनीनेच २०१० मध्ये सांगितले होते. पुढचा दोन जनुकांचा वाणही आता तिच्यापुढे टिकत नव्हता. अळीला इतक्या लवकर सवय होऊ नये म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या कपाशीचे १२० ग्रॅमचे पुडके मिळत असे. ते शेताच्या कडेने पेरायचे, म्हणजे काही अळ्या विषाविना जगतात आणि सगळी जातच विष पचवणारी होत नाही. आमच्या भागात ते पुडके बहुतेकांनी बांधावर फेकले. धाकट्यामामांनीही फेकले होते. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली.

जानेवारी २०१८ मध्ये मी आजोळी गेलो, तेव्हा धाकट्यामामांच्या शेतात किडकी बोंडे तशीच झाडावर होती. वेचणीची मजुरीही सुटत नव्हती. दुपारी बांधावरून मोठेमामा येताना दिसले. पाच वर्षांनी ते त्या शेतात पाय ठेवत होते. मला वाटले, आता 'मी सांगत होतो ना' होणार. त्यांनी एक बोंड तोडले, नखाने उकलले, आतली गुलाबी अळी तळहातावर घेतली आणि विचारले, "कर्ज किती आहे?"

थोड्या वेळाने धाकटेमामाच म्हणाले, "दादा, अळीला सवय होणार असं तू म्हणाला होतास, ते खरं निघालं. पण सुरुवातीची पाचसहा वर्षं माझ्या फवारण्या निम्म्यावर आल्या होत्या, हेही खरं आहे. तेव्हा तू ते ऐकून घेतलं नाहीस."

मोठेमामा गप्प होते. मग मी बोललो. उंदरांची बातमी मी लावली होती, प्रश्नचिन्ह माझ्या हातून गळले, चौथा परिच्छेद मी कापला, आणि निबंध मागे घेतल्याचे चार ओळींत उरकले, सगळे सांगितले. आयुष्यभर मुलांना प्रयोगवही नीट लिहायला लावणाऱ्या त्या माणसाने माझ्याकडे असे पाहिले की आजही ते आठवले की कानशिले तापतात. "मी तरी मूळ निबंध कुठे मागवून वाचला?" एवढेच ते म्हणाले. मग भावाकडे वळून, "पंगतीत बोललो ते चुकलो. बियाण्याच्या मालकीबद्दल मात्र माझं मत तेच आहे."

"असू दे," धाकटेमामा म्हणाले. "पण मला एक सांग. काय दाखवलं तर तू बीटी वांगं खाशील?"

हा प्रश्न आधीच विचारला असता तर पाच वर्षे वाचली असती. मोठ्यामामांनी मास्तरी पद्धतीने बोटे मोडत सांगितले: तपासणी कंपनीच्या पैशाने झालेली नको, निदान दोन स्वतंत्र प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळावेत आणि सगळे आकडे लोकांसमोर यावेत, आणि बी शेतकऱ्याला घरी राखता यावे. "पहिल्या दोन गोष्टी झाल्या तर खाईन," ते म्हणाले. "तिसरी झाली तर तू पेरलेलंही चालेल." मग त्यांनी उलट विचारले, काय दिसले तर तू सोडशील? फवारणी पुन्हा होती तितकी झाली तर सोडेन, असे धाकटेमामा म्हणाले; आणि मग स्वतःच्या कपाशीकडे पाहून जरा हसले.

कोणी पक्ष बदलला नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेने परवानगी नसलेले तणनाशकरोधक कापसाचे बियाणे जाहीरपणे पेरले, तेव्हा दोघांत फोनवर तासभर खडाजंगी झाली. पण फोन झाला.

त्या जानेवारीत संध्याकाळी मामींनी वांगी आणवली. किडलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून आम्ही जाळ केला. वांगी भाजत होती तेव्हा मोठ्यामामांनी मला जवळ बोलावून विचारले, तुमच्या पेपरात चूक झाली तर ती चूक जिथे छापली त्याच जागी, त्याच आकारात दुरुस्ती का छापत नाहीत? माझ्याकडे उत्तर नव्हते. त्या चार ओळी पाच वर्षे उशिराने का होईना, पण पुरेशा मोठ्या अक्षरांत मी आज इथे लिहिल्या आहेत.